कांचेच्या टाकींतील माकूल

काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारा, किंवा पोपटाच्या पिंजऱ्यांत चोंच घासण्यासाठीं टांगलेला समुद्रफेन पुष्कळांच्या पाहण्यांत असतो. पण तो फेस नसून माकूल नामक सागरी प्राण्याच्या पाठींतील कवच आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. विद्वानांचा मात्र या प्राण्याशीं जुना परिचय आहे. त्याचीं काळीं अंडीं द्राक्षांच्या घोसासारखीं दिसतात, अशी नोंद ॲरिस्टॉटलनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच करून ठेविली. अंडीं पाहणें सोपें. त्यांतून निघालेलीं पिलें पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातीं वाढविण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत युरोपच्या मोठ्या शहरांतून हें वेड पसरलें. त्यांत खरें महत्त्वाचें ठरलें तें नेपल्सचें. आंतोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें तेथें समुद्रकाठच्या बागेंत संशोधनमंदिर बांधिलें आणि १८७४ च्या जानेवारींत त्यांतील मत्स्यालय लोकांस खुलें केलें. योजना मोठी व्यवहारी होती: खालीं प्रवाशांनीं तिकीट काढून समुद्रांतील जीव पाहावे, आणि त्या पैशावर वर शास्त्रज्ञांनीं आपलें काम चालवावें. तिकिटांनीं सारा खर्च भागेना, म्हणून निरनिराळ्या सरकारांस व विद्यापीठांस कामाचीं टेबलें वार्षिक भाड्यानें देण्याची युक्ति डोर्ननें काढली. टाक्या भरण्याची विवंचना त्याला नव्हती. उपसागर दारांतच होता.

समुद्रापासून दूर असलेल्या शहरांस ही सोय कोठून असणार? त्यांतून माकूल कोंडून ठेवणें मुळांतच कठीण. घाबरली कीं ती नळींतून पाणी फेंकून मागच्या मागें उसळते. टाकींत मागें भिंत असते, तीवर आपटून शरीराचें टोंक सोलवटतें आणि जखम चिघळते. शाई सोडली कीं पाणी काळवंडतें. माशांच्या रोगावर चालणारें तांब्याचें औषध तिला विषासमान असतें. आणि गंमत अशी कीं तिचें स्वतःचें रक्त तांब्यामुळेंच निळें असतें!

याहून बिकट प्रश्न पिलांचा. युरोपच्या किनाऱ्यावरील सामान्य माकूल एकेक अंडें शाईनें माखून पाणवनस्पतींस अडकवीत जाते. पाण्याचें उष्णतामान २० अंश सेल्सिअस असेल तर तीं सुमारें ४० ते ४५ दिवसांनीं फुटतात. १५ अंशांवर हाच काळ तीन महिन्यांच्या घरांत जातो. बाहेर येणारें पिलूं नखाएवढें, पण हुबेहूब आईसारखें: रंग बदलणारें, शाई सोडणारें, दोन लांब सोंडा झटकन् फेंकून भक्ष्य पकडणारें. मेलेल्या अन्नाकडे तें ढुंकूनही पाहत नाहीं. त्यास हलणारें भक्ष्य हवें, आणि तेंही त्याच्या अंगाला बेताचें. मत्स्यालयांत सहज वाढविता येणाऱ्या आर्टेमिया नामक जीवांवर ठेविलीं तर पिलें खंगतात. त्यांस मानवतात जवळ्यासारखे दिसणारे मायसिड नांवाचे जीव, आणि ते रोज जिवंत मिळवावे लागतात. माकुलीच्या संगोपनाचा सारा इतिहास या एका घांसाभोंवतीं फिरतो, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

टेक्सस संस्थानांतील गॅल्व्हस्टन येथें जॉन फोर्साइथ, रॉजर हॅनलन व त्यांचे सहकारी यांनीं हा घांस नियमानें पुरवून लागोपाठ सात पिढ्या वाढविल्या. ती हकीकत १९९४ सालीं प्रसिद्ध झाली. सात पिढ्या म्हणजे फार मोठा काळ, असें मात्र समजूं नये. माकुलीचें आयुष्य एक-दोन वर्षांचें, आणि अंडीं घालून झालीं कीं ती संपते. हत्ती किंवा मगर आणली म्हणजे संग्रहालयाची कित्येक वर्षांची निश्चिंती होते. माकुलीच्या टाकीचें तसें नाहीं. ती वरचेवर रिकामी होते, आणि घरीं पिलें तयार नसतील तर पुन्हां समुद्राकडे हात पसरावा लागतो.

म्हणूनच कॅलिफोर्नियांतील माँटेरे बे मत्स्यालयानें २०१४ मध्यें अष्टपाद, माकूल व त्यांच्या भाऊबंदांचें खास दालन उघडलें, तेव्हां दर्शनी टाक्यांच्या मागें पिलें वाढविण्याचें स्वतंत्र काम चालवावें लागलें. अशा ठिकाणीं अंडीं उचलून वाहत्या पाण्याच्या वेगळ्या टाकींत ठेवितात, आणि फुटलेल्या पिलांस पहिल्या दिवसांपासून जिवंत भक्ष्य पुरवितात. वाढलेलीं पिलें लोकांसमोर येतात, तोंवर त्यांची आई बहुधा गेलेली असते.