44 हजारांची रेघ

नांदेडच्या वजिराबादेत बसा किंवा लातूरच्या गंजगोलाईत, रेशनचा विषय निघाला की सूर एकच असतो. दारात बुलेट उभी, पोरगा पुण्यात नोकरीला, आणि घरात गरिबाचे पिवळे कार्ड! निष्कर्षही ठरलेला: अपात्र माणसे हुडकून काढा, म्हणजे खऱ्या गरिबाच्या ताटात घास पडेल. 2025 साली शासनाने काढलेली अपात्र शिधापत्रिकांची शोधमोहीम आणि ई-केवायसीचा तगादा याच समजुतीवर उभा आहे.

या पूर्वपक्षात तथ्य नाही असे कोण म्हणेल? मयत माणसांची नावे कार्डावर वर्षानुवर्षे तशीच राहतात. लेक सासरी नांदायला जाऊन दोन लेकरांची आई झाली तरी माहेरच्या कार्डावर तिचे धान्य चालू असते. पगारदाराच्या घरातही गहू-तांदूळ येतो. लाभार्थ्यांची संख्या, म्हणजे पुरवठा विभागाच्या भाषेत इष्टांक, ठरलेला असल्यामुळे अशी नावे कमी झाली तर नव्यांना जागा होते, हेही खरे. एवढे मान्य करून विचारायचे ते असे की 'अपात्र' हा शिक्का कोणत्या मापाने मारला जातो.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013चा. महाराष्ट्रात त्याचा अंमल 1 फेब्रुवारी 2014 पासून सुरू झाला. या कायद्याने धान्य मिळणाऱ्या 'प्राधान्य कुटुंबा'साठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली ती ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 रुपये. आता राज्यातला रोजगार हमीचा 2025-26चा मजुरीदर घ्या: दिवसाला 312 रुपये. एका माणसाने वर्षात 141 दिवस काम केले तर 43,992 रुपये होतात. 142व्या दिवशी कुदळ उचलली की त्याचे कुटुंब सरकारी हिशेबाने गरिबीतून बाहेर! नवरा-बायको दोघेही कामावर गेले, तर 71 दिवसांत हा चमत्कार घडतो. मुखेड, कंधार किंवा जळकोट तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची एका हंगामाची उचलच बहुधा ही रेघ ओलांडून जाते. खरे उत्पन्न लिहिले तर कार्ड जाते, म्हणून दाखल्यावर सोयीचा आकडा पडतो. तो सोयीचा आहे हे मागणाऱ्याला ठाऊक असते, देणाऱ्यालाही ठाऊक असते. अशा दाखल्यावर धान्य घेणाऱ्याला लबाड म्हणायचे, तर ही मर्यादा इतकी वर्षे जागची न हलवणाऱ्यांना काय म्हणायचे?

मुळात किती माणसांना धान्य मिळणार हे गरिबी मोजून ठरलेलेच नाही. महाराष्ट्रासाठी ग्रामीण 76.32 टक्के आणि शहरी 45.34 टक्के असे प्रमाण केंद्राने ठरवून दिले, ते 2011च्या जनगणनेला लावले आणि 7 कोटी 17 हजार हा आकडा आला. कायद्याच्या कलम 9 प्रमाणे पुढच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तो हलत नाही. 2021ची जनगणना झाली नाही. आता संदर्भदिनांक 1 मार्च 2027 आहे. जनगणनेच्या साली जन्मलेले पोर एव्हाना दहावीला आले, पण इष्टांकाच्या हिशेबात त्याच्या पाठच्या भावंडांचा जन्मच झालेला नाही. नवी सून, विभक्त झालेला धाकटा भाऊ, तान्हे मूल यांची नावे चढवायला गेले की 'इष्टांक शिल्लक नाही' हे उत्तर मिळते ते यामुळे. बुलेटवाल्याचा याच्याशी संबंध आहे, पण थोडा.

गळतीचे म्हणाल तर नांदेड जिल्ह्याला ती दूर जाऊन शोधावी लागत नाही. जुलै 2018 मध्ये नायगाव तालुक्यातल्या कृष्णूर औद्योगिक वसाहतीत सरकारी धान्याचे ट्रक पोलिसांनी पकडले आणि तपास पुढे सीआयडीकडे गेला. आरोप होता तो गोदामातून निघालेले धान्य दुकानाऐवजी कारखान्याकडे वळवल्याचा. त्या धान्याला कोणाच्या कार्डाचा रंग आडवा आला नाही. शोधमोहीम मात्र साखळीच्या शेवटच्या टोकाला, दुकानात अंगठा तपासणाऱ्या पॉस मशीनपाशी चालते. तिथे बाई अंगठा लावते, मशीन नकार देते. ती पदराला बोट पुसते, पुन्हा लावते. दुकानदार दुसरे बोट लावायला सांगतो, आणि मागची रांग उसासे टाकते. ऊस तोडून, भांडी घासून झिजलेल्या बोटाला आपणच आपण आहोत हे सिद्ध करावे लागते. ट्रकला असले काही सिद्ध करावे लागत नाही.

आता याच राज्याने याच कुटुंबांसाठी दुसरीकडे काय केले ते पाहू. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. लातूरला ती पुढच्या वर्षी, राज्यभर विस्तार झाला तेव्हा पोहोचली. अट होती पिवळ्या किंवा केशरी कार्डाची. परिणाम असा की ज्याला रेशनच्या तांदळाची गरज नव्हती, तोही कार्ड जिवापाड जपू लागला. उद्या घरात कोणाला ॲंजिओप्लास्टी लागली तर? पुढे लातूर-नांदेडसह 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही योजनेत घेतले गेले. 2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. अखेर 28 जुलै 2023च्या शासन निर्णयाने पात्रतेची रंगअट काढून टाकली, आणि 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला 5 लाखांचे संरक्षण सर्वांसाठी लागू झाले. दवाखान्यापुरते केशरी आणि पांढरे सारखे झाले, आणि निदान या कारणासाठी तरी रंग बदलून घेण्यात अर्थ उरला नाही. खोटेपणा कमी करण्याचा हा मार्ग कोणत्याही मोहिमेहून स्वस्त आहे.

सर्वांना पात्र केले म्हणजे सर्वांवर उपचार झाले असे मात्र नव्हे. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर 2023च्या सुरुवातीला 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. तिथे अडचण कार्डाची नव्हती.

धान्याच्या बाबतीत शासन उलट्या दिशेने गेले. याच 14 जिल्ह्यांत 2015 पासून केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना माणशी 5 किलो धान्य, गहू 2 आणि तांदूळ 3 रुपये किलोने मिळत असे. 2022 मध्ये केंद्राकडून पुरवठा थांबला. 2023 मध्ये त्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात टाकायचे ठरले, ते पुढे 170 झाले. म्हणजे किलोमागे 34 रुपये. किराणा दुकानात भाव वाढला तरी खात्यातला आकडा शासन निर्णयाची वाट पाहत बसतो. शिवाय हे पैसे सातबारा असलेल्याला. त्याच गावात त्याच केशरी कार्डाचा भूमिहीन मजूर प्राधान्य यादीत नसेल तर त्याला धान्यही नाही आणि पैसेही नाहीत. आणि लाडकी बहीण योजनेत हेच शासन अडीच लाखांपर्यंतचे कौटुंबिक उत्पन्न पात्र धरते, पिवळे-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागत नाही. एकाच घराची गरिबी तीन खिडक्यांवर तीन वेगळ्या फुटपट्ट्यांनी मोजली जाते.

यावर नेहमीचा प्रश्न येतो की मग काय श्रीमंतांनाही फुकट द्यायचे? लक्ष्य साधण्यात दोन चुका होतात: नको त्याला मिळणे आणि हव्या त्याला न मिळणे. पहिली चूक तिजोरीला झोंबते, म्हणून तिचा गवगवा होतो. दुसरीची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये होत नाही. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात 2017 मध्ये अकरा वर्षांची मुलगी दगावली, तेव्हा आधारशी न जोडल्यामुळे तिच्या घरचे रेशन कार्ड रद्द झाल्याचे पुढे आले. महाराष्ट्राला तर हे धडे बाहेरून घ्यायचीही गरज नव्हती. अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्येच, गरीब कोण ते निवडत बसण्यापेक्षा काम मागणाऱ्याला काम देण्याची दिशा दाखवली होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीत उत्पन्नाचा दाखला कोणी मागितला नाही, तरी उन्हात खडी फोडायला बागायतदार रांगेत उभे राहिले नाहीत.

म्हणून माझे म्हणणे उलट बाजूने सुरू होते. आयकर भरणारा, सरकारी पगार घेणारा, चारचाकी बाळगणारा अशा दोन-चार ठळक आणि तपासता येणाऱ्या खुणा ठरवून तेवढी घरे वगळावीत. बाकी सगळी आत. इष्टांक केंद्राच्या हाती असला तरी 44 हजारांची रेघ राज्याची आहे, ती दरवर्षी मजुरीदराशी जोडता येते. नाव कमी करायला संगणकाची एक कळ पुरते आणि चढवायला तहसीलच्या चार चकरा, हा उफराटा न्यायही एका परिपत्रकाने सुधारू शकतो: घरी जाऊन पंचनामा झाल्याशिवाय नाव कमी करायचे नाही, आणि कमी केले तर त्याच महिन्यात त्याच गावातल्या प्रतीक्षेतल्या कुटुंबाचे नाव चढवायचे. 14 जिल्ह्यांतल्या भूमिहीनांना 170 रुपयांच्या योजनेत घ्यायला तर जनगणनेची वाटही पाहावी लागत नाही. तो पैसा राज्याचाच आहे.