चित्राखालचे नाव

चित्र काढून माणसाचा अपमान करण्याची कला आपल्याच काळात जन्मली असे समजण्याचे कारण नाही. कोकणात, गोव्यात आणि देशावरही काही ठिकाणी 'गद्धेगाळ' नावाचे कोरीव दगड सापडतात. शिलाहारांच्या काळापासून पुढे कित्येक शतके ते उभारले जात होते. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे अश्लील शिल्प, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. हे दान जो मोडील त्याच्या मातेची अशी विटंबना होईल, हा त्या शिल्पाचा अर्थ. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही धमकी कळावी, एवढ्यासाठी शिल्प.

या दगडांतील दोन गोष्टी आम्हांस विचार करण्याजोग्या वाटतात. पहिली ही की, अनेक दगडांवर दान कोणी दिले, कोणत्या राजाच्या अमदानीत दिले, केव्हा दिले, हे लिहिलेले असते. शिवी देणारा तोंड लपवीत नाही. दुसरी ही की, अपराध करणार पुरुष आणि विटंबना भोगणार स्त्री. पहिली गोष्ट आज जवळजवळ नाहीशी झाली आहे. दुसरी मात्र जशीच्या तशी टिकून आहे.

आज ज्याला तरुण मंडळी 'मीम' म्हणतात, तो शब्द रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली घडविला. कल्पना, चाली, म्हणी एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात कशा पसरतात, हे सांगण्यासाठी त्याला एक शब्द हवा होता. पुढे तो शब्द थट्टेच्या चित्रास चिकटला. त्यांतील बरीचशी चित्रे निरुपद्रवी असतात, काही खरोखरच मार्मिक असतात. आमचा विषय त्यांचा नव्हे. एखाद्या जातीचा, धर्माचा, स्त्रीचा किंवा मृत महापुरुषाचा अवमान करण्यासाठी जी चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून काढून घेतली जातात, त्यांचा हा विचार आहे. आणि तो करताना नगर जिल्ह्याचा इतिहास आम्हांस उपयोगी पडेल असे वाटते.

नगर शहरात अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये ठाणे मांडले, आणि १८४२ मध्ये तेथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. त्यात शास्त्रीय माहिती असे, तशी हिंदू धर्मावर व रूढींवर कडक टीकाही असे. ती वाचून पुष्कळांची मने दुखावली. परंतु लिहिणारा कोण, छापणारा कोण, तो राहतो कोठे, हे सर्वांस ठाऊक होते. म्हणूनच त्यास उत्तर देता आले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालीत उभे राहिले, ते समोर प्रतिपक्षी होता म्हणून. शब्द कडवट होते, पण वाद माणसामाणसांत होता.

पुढे १८६७ च्या छापखान्यांविषयीच्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे केले. परक्या सरकारचा हेतू छापखान्यांवर नजर ठेवण्याचा होता, हे उघड आहे. तरीही त्या एका ओळीने एक सवय लावली. 'हे मी छापले' असे म्हणण्याची तयारी नसेल त्याने छापू नये, ही ती सवय. कायदा बदलला; २०२३ साली संमत झालेल्या नव्या कायद्याने १ मार्च २०२४ पासून त्याची जागा घेतली. परंतु मराठी पुस्तकाच्या दुसऱ्या-चौथ्या पानावर मुद्रकाची ती ओळ आजही शोधली की सापडते. व्यंगचित्रकारांची गोष्टही तीच. १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक' सुरू झाला, आणि त्यातील बोचऱ्या चित्रांखाली बाळ ठाकरे यांची सही असे. ज्याला राग येई त्याला तो कोणावर काढावा हे माहीत असे.

नाव लपविले की काय होते, याचा दाखला लाहोरचा आहे. १९२४ साली तेथे पैगंबरांविषयी एक उपहासपर पुस्तिका निघाली. लेखकाने आपले नाव घातले नाही. खटला प्रकाशक राजपाल यांच्यावर झाला. १९२७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांस सोडले, आणि त्याच वर्षी सरकारने भारतीय दंडविधानात २९५-अ हे कलम घातले. १९२९ मध्ये राजपाल यांचा खून झाला. लेखक पडद्याआड राहिला आणि ज्याचे नाव दिसत होते तो मारला गेला. आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने नांदत आहे.

पण ज्याचे नाव दिसत होते, तो निदान त्या कृतीत सहभागी तरी होता. पुढची पायरी याहून भयंकर आहे. २०१४ च्या मेअखेरीस शिवाजी महाराज व बाळासाहेब ठाकरे यांची विकृत केलेली चित्रे फेसबुकवर आली. पुण्यात दगडफेक, जाळपोळ झाली, आणि २ जून रोजी हडपसर भागात एका तरुण संगणक-अभियंत्यास जमावाने ठार केले. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. चित्र काढणारा सापडला नाही तेव्हा जमावाने त्याच्या धर्माचा म्हणून एक माणूस शोधला. २०२३ मध्ये न्यायालयाने या खुनाच्या आरोपींची मुक्तता केली. १० सप्टेंबर २०२३ रोजी सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल उसळली, तिच्यातही एक तरुण प्राणास मुकला.

ही दोन्ही उदाहरणे चित्रे काढणारे यंत्र घरोघर पोहोचण्यापूर्वीच्या रीतीची आहेत. ते यंत्र लोकांच्या हाती आले २०२२ साली. त्याची घडण थोडक्यात अशी. मथळ्यांसह गोळा केलेली अगणित चित्रे त्यास दाखवितात. अशा एका प्रसिद्ध संग्रहात सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत. मग ठिपक्यांच्या निव्वळ गोंधळातून, आपण लिहिलेल्या शब्दांस जुळेल असे चित्र क्रमाक्रमाने साफ करीत आणण्यास ते शिकते. त्याला भक्ती नाही, द्वेषही नाही. मात्र माणसाने जगभर टाकून ठेवलेल्या चित्रांत जी हेटाळणी साठली आहे, ती त्याच्या हाडीमाशी उतरलेली असते. कंपन्या काही शब्द वर्ज्य करतात. लोक दुसरे शब्द घालून कुंपण ओलांडतात. शिवाय घरच्या संगणकावर चालणारी, कुंपण नसलेली यंत्रेही आहेत.

पूर्वी विटंबनेचे चित्र काढण्यास हात लागे, वेळ लागे, थोडी विद्या लागे. तेवढ्या वेळात क्वचित राग ओसरे, क्वचित शरम वाटे. आता तो अवधीच राहिला नाही. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत आंदोलक महिला कुस्तीगिरांना पोलिसांनी गाडीत बसविले. गाडीतील त्यांच्या गंभीर चेहऱ्यांच्या छायाचित्रावर कोणी तरी यंत्राने हसू चढविले, आणि ही बघा यांची थट्टा, असे म्हणत ते देशभर फिरले. फरक एका स्मिताचा. पण त्यात त्या मुलींचे गाऱ्हाणेच खोटे ठरविण्याचा डाव होता. जानेवारी २०२६ च्या आरंभी 'ग्रोक' नावाच्या यंत्राकडून लोक स्त्रियांच्या छायाचित्रांवरील वस्त्रे उतरवून घेऊ लागले, आणि भारत सरकारला त्या कंपनीस नोटीस धाडावी लागली. गद्धेगाळावरील स्त्री कल्पित होती. येथे खऱ्या स्त्रीचा खरा चेहरा होता.

नगर जिल्ह्यास या प्रश्नाची धग अधिक लागण्याचे कारण इतिहासच आहे. औरंगजेबाचा अंत १७०७ मध्ये नगरजवळ भिंगार येथे झाला. आज या गावी त्याचे चित्र हे नुसते चित्र राहत नाही. जून २०२३ मध्ये शहरातील एका संदल मिरवणुकीत ते झळकविल्यावरून गुन्हे नोंदले गेले. त्याच आठवड्यात अशाच चित्रांवरून कोल्हापूर पेटले. २९ सप्टेंबर २०२५ रोजी नगरच्या माळीवाड्यात रस्त्यावरील एका रांगोळीवरून रास्ता रोको आणि लाठीमार झाला. या प्रसंगांना यंत्र लागले नाही. कागद आणि रांगोळी एवढ्याने हे घडते, तर ज्या दिवशी एखादा अनामिक इसम, कदाचित हजार मैलांवर बसून, मिनिटाला एक या वेगाने अशी चित्रे या जिल्ह्यात सोडील त्या दिवशी काय होईल, हा प्रश्न काल्पनिक नाही.

सरकारने कडक कायदा करावा, हे सोपे उत्तर आहे. परंतु त्याचाही इतिहास पाहावा. २०१२ मध्ये मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकारास राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले. त्याच वर्षी पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील साध्या मतासाठी अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, ते उगाच नव्हे. सत्ताधाऱ्याची थट्टा आणि शेजाऱ्याची विटंबना यांतील भेद कायद्याच्या अंमलदारास नेहमीच उमजतो असे नाही. फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमांनी यंत्रनिर्मित चित्रावर तशी खूण असणे आवश्यक केले, आणि आदेश आल्यावर बेकायदेशीर मजकूर तीन तासांत काढण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. खुणेचा नियम आम्हांस योग्य वाटतो. तो १८६७ च्या ओळीचाच वंशज आहे. तीन तासांच्या मुदतीविषयी मात्र शंका राहते, कारण घाईत विष काढताना औषधही फेकले जाते. शिवाय खुणेवरून चित्र यंत्राने काढले एवढेच कळते. यंत्रास सांगणारा कोण, हे कळत नाही.

म्हणून अखेरीस भार वाचणाऱ्यावर येतो. १८४२ च्या नगरकराच्या हाती 'ज्ञानोदया'चा अंक पडला, तेव्हा चिडण्यापूर्वी तो कोणी काढला हे त्याला कळत होते. आपल्या हाती चित्र पडते तेव्हा ती सोय नसते. ज्या चित्राखाली नाव नाही त्याच्यासाठी शेजाऱ्याच्या दुकानावर दगड उचलणे म्हणजे अनामिकाने सोपविलेले काम विनावेतन पार पाडणे होय. आणि असे चित्र जो पुढे पाठवितो, त्याने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. मूळ नाव कोठेच नसल्यामुळे, चित्र ज्याच्या हाती पोहोचते त्याला त्याखाली एकच नाव दिसते, आणि ते पाठविणाऱ्याचे असते.