ढाळजेपासून सदनिकेपर्यंत : आपल्या घराच्या अंतरंगाचा इतिहास

घर म्हणजे चार भिंती, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. त्या भिंतींच्या आत कोणती जागा कोणासाठी राखली आहे, बाहेरचा मनुष्य कोठवर येऊ शकतो आणि घरातील माणसे आपले काम कोठे बसून करतात, ह्यावरून घराचे खरे स्वरूप ठरते. राजवंशांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. ओसरी, माजघर आणि स्वयंपाकघर ह्यांच्या इतिहासाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. आज आपल्या नामदेव शिंपी समाजातील अनेक तरुण कुटुंबे नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे व मुंबई येथील सदनिकांत राहावयास गेली आहेत. नवे घर कसे सजवावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. त्याचे उत्तर शोधताना आपण कोणत्या घरांतून आलो, ह्याचा विचार उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे सिद्धेश्वर हे औंढा नागनाथ तालुक्यातील, पूर्णा नदीच्या काठचे गाव. येलदरी व सिद्धेश्वर ही पूर्णेवरील धरणे १९६० च्या दशकात उभी राहिली आणि त्यानंतर ह्या भागाचे रूप पालटले; तथापि जुन्या वस्तीत माळवदाची घरे पुष्कळ काळ टिकून होती. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर, अशी त्यांची घडण असे. दरवाजातून आत पाऊल टाकताच ढाळज लागे. तिच्या दोन्ही अंगांस बसण्याजोगे उंच ओटे असत. त्यापुढे चौक, चौकाभोवती ओसरी आणि आत माजघर. सामानसुमान असे फार थोडे. बाज, जाजम आणि उतरंड एवढ्यावर संसार चाले. बाकीचे काम भिंतीच करीत. दिव्यासाठी देवळी, वस्तूंसाठी कोनाडा, कपड्यांसाठी खुंटी आणि धान्यासाठी भिंतीतच बांधलेले बळद. त्यामुळे जमीन मोकळी राही. त्याच जागेवर सकाळी काम, दुपारी पंगत, सायंकाळी पोथी आणि रात्री अंथरूण.

आपल्या ज्ञातीच्या दृष्टीने ढाळजेचे महत्त्व विशेष होते. शिवणकामास उजेड हवा आणि गिऱ्हाईकास बसावयास जागा हवी. ढाळजेत दोन्ही मिळत. पुढे शिलाई मशीन आले तेही तेथेच स्थिरावले. माप द्यावयास आलेला मनुष्य दोन शब्द बोलल्यावाचून जात नसे. पोराटोरांना काजे-बटणे करावयास शिकविण्यासाठी वेगळी शाळा लागत नसे. उद्योग, शिक्षण आणि शेजार ही तीन कामे एकाच ओट्यावर होत असत.

परंतु जुने ते सारे सोने, असे मानण्याचे कारण नाही. ढाळज ही प्रायः पुरुषांची जागा होती. घरातील स्त्रिया माजघराच्या अंधारात व चुलीच्या धुरात आयुष्य काढीत. ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत, त्यांना तर ढाळजेची पायरीही चढू दिली जात नसे. जे गेले त्याचा शोक करताना हे विसरणे सत्याला धरून होणार नाही.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्या घरचेच आहे. परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे आणि त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश औंढ्याच्या नागनाथ मंदिरात झाला, असे सांगतात. त्यांच्या पंढरपूरच्या घरी गंगाखेडच्या जनाबाई लहानपणापासून राहिल्या. दळणकांडण करता करता त्यांनी अभंग रचले. नामदेवांची आई गोणाई, पत्नी राजाई व मुले ह्यांच्या नावांवरही अभंगरचना आहे. तात्पर्य, जात्यापाशीही काव्य होऊ शकते. त्यासाठी दालन मोठे असावे लागत नाही, घरातील प्रत्येकाला मान असावा लागतो.

खेड्यातील मनुष्य पोटासाठी मुंबईस गेला, तेव्हा त्याच्या वाट्यास एक खोली आली. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा न्यास स्थापन झाला; पुढे १९२० मध्ये सरकारने विकास खाते काढले व वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग येथे २०७ चाळी बांधल्या. बी. डी. डी. चाळी म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. तेथील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्या एवढ्याशा जागेत माळा, फळी, पडदा व मोरी ह्यांच्या साहाय्याने गृहिणींनी संसार मांडले. घरात जे मावले नाही ते सामायिक जागेत गेले. गिरगावातील चाळींची गॅलरी ही तर ढाळजेचीच नवी बहीण. फरक एवढाच की येथे स्त्रियांनाही उजेडात बसावयास मिळाले. धान्य निवडणे, अभ्यास, भांडणे आणि समेट हे सारे तेथेच. १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो अशाच शेजाराच्या बळावर. सामायिक शौचकूप, पाण्याची रांग व एकांताचा अभाव हे हाल मात्र खरेच होते. म्हणूनच २०२५ मध्ये वरळीच्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा त्यांना झालेला आनंद रास्तच म्हटला पाहिजे.

एकांतही मिळावा आणि शेजारही राहावा, ह्यासाठी पहिला संघटित प्रयत्न केला तो सहकाराने. रावबहादूर श्रीपाद सुबराव तालमकी ह्यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये मुंबईस गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. आशियातील ह्या प्रकारची ही पहिली संस्था मानली जाते. त्याआधी १९०६ मध्ये त्यांनी शामराव विठ्ठल बँकेची उभारणी केली होती. एका लहान ज्ञातीने पैपैसा जमवून आधी पतपेढी, मग घरे, असा क्रम धरला, हा धडा आपल्या संस्थेने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. महाराष्ट्रात १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा व १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा झाला आणि सदनिका ही मध्यमवर्गाच्या आवाक्यातील वस्तू झाली.

मालकी आली तसे दारही बंद झाले. तरी निराळा मार्ग धरणारे लोक होतेच. वांद्रे पूर्व येथे मराठी साहित्यिकांनी साहित्य सहवास ही वसाहत उभारली व इमारतींना झपूर्झा, शाकुंतल, उषःकाल अशी नावे दिली. शेजारीच कलावंतांचे कलानगर आहे. नवी मुंबईत बेलापूर येथे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया ह्यांनी १९८० च्या दशकात सात-सात घरांचे पुंजके सुमारे ८ मीटर चौरस अंगणाभोवती रचले आणि अशा तीन पुंजक्यांस मिळून आणखी एक मोठे अंगण दिले. प्रत्येक कुटुंबास घर वाढविता यावे, म्हणून भिंती सामायिक ठेवल्या नाहीत. अंगण सर्वांचे व भिंत आपली, हे जुन्या वाड्याचे मर्म त्यांनी नेमके ओळखले होते.

ह्या इतिहासातून आपल्या तरुण कुटुंबांनी काय घ्यावे? प्रथम, दिवाणखाना हा दाखविण्याचा नसून वापरण्याचा असावा. जड कोचांनी खोली भरण्यापेक्षा आत सामान राहील असा दिवाण व भिंतीलगत बैठक घालावी. दहा माणसे सहज बसतील. दुसरे, कोनाडे व बळद ह्यांचे तत्त्व पाळावे. कपाटे भिंतीत, छतापर्यंत न्यावीत व जमीन मोकळी ठेवावी. तिसरे, कामाची जागा उजेडाची असावी. आज पुष्कळ घरांत आजोबांचे मशीन माळ्यावर धूळ खात पडले आहे. ते खाली आणून खिडकीपाशी मांडावे. नातीला सरळ टीप घालता आली, तर कुळाची विद्या एक पिढी पुढे जाईल. चौथे, स्वयंपाकघर हवेशीर असावे व गृहिणीचा दिवाणखान्याशी संबंध तुटू नये. पाचवे, लाकडी दाराबाहेर जाळीचे दार बसवून सायंकाळी घटकाभर मुख्य दार उघडे ठेवावे. जिन्यातील वाट मात्र अडवू नये. बसावयाचे ते गच्चीवर किंवा संस्थेच्या दालनात. दालन नसेल तर वार्षिक सभेत मागून घ्यावे आणि तेथे निदान एक पुस्तकांचे कपाट ठेवावे.

शेवटी एकच विनंती. समाजाने एकत्र राहावे ह्याचा अर्थ समाजाने दार लावून बसावे, असा होत नाही. चोखोबांच्या अस्थी मंगळवेढ्याहून आणून पंढरीच्या महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधणारे नामदेव, अशी परंपरेची साक्ष आहे. त्यांचे नाव आपण लावतो. तेव्हा आपल्या नव्या घरातील ढाळज जुन्या ढाळजेहून मोठी असली पाहिजे. आकाराने नव्हे, तर तेथे बसणाऱ्या माणसांच्या संख्येने. सर्व ज्ञातिबंधुभगिनींची घरे अशी भरलेली राहोत, ही नागनाथाचरणी प्रार्थना.