अँटवर्पचा एकोणिसावा धावपटू आणि आपल्या खेळांचे दप्तर

२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधील अँटवर्प शहरात ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत झाली. हवा गार होती, पाऊस पडत होता. चाळीसहून अधिक धावपटूंत आपल्या बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते. ते एकोणिसावे आले. त्यांना वेळ लागला २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. ऑलिंपिकची मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिले भारतीय.

आज मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. अँटवर्पची शर्यत ४२ किलोमीटर ७५० मीटरची, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होती. ऑलिंपिकमध्ये याहून लांब मॅरेथॉन कधी झाली नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर बेळगावहून खानापूर गाठायचे आणि परतीचीही निम्म्याहून अधिक वाट तोडायची. तेही किलोमीटरला चार मिनिटे या गतीने, न थांबता. ती शर्यत फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेन यांनी जिंकली. चौगुले त्यांच्यामागून अठरा मिनिटांनी पोहोचले. पुढे १९७६ साली माँट्रियलला शिवनाथ सिंग अकरावे आले. तोपर्यंत, म्हणजे तब्बल ५६ वर्षे, ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये चौगुले यांच्या वरचा क्रमांक एकाही भारतीयाला मिळाला नाही.

हे सारे आज सांगता येते, कारण कोणीतरी ते त्या वेळी लिहून ठेवले. या लेखाचा विषय ते लिहून ठेवणारे लोक आहेत.

पुण्याचे मैदान, टाटांचे पत्र

चौगुले अँटवर्पला कसे पोहोचले, ती हकीकत पुण्यात सुरू होते. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची, आणि सर दोराबजी टाटा तिचे पहिले अध्यक्ष. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या स्पर्धा पाहताना त्यांच्या लक्षात आले की खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावतात, धावण्याचे नियमही त्यांना नीट ठाऊक नाहीत, आणि तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नाहीत. ही मुले ऑलिंपिकला का जाऊ नयेत, असा प्रश्न टाटांना पडला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने परवानगी मिळाली. टाटांनी पदरचे पैसे घातले आणि सहा जणांचा चमू बोटीने रवाना झाला. चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे धावपटू. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल. दातारांना मॅरेथॉन पूर्ण करता आली नाही. शिंदे यांनी फेदरवेट गटात कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत मजल मारली, पण तेथे ते हरले. पदक हुकले.

अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांची ही गोष्ट आपल्याला मुख्यतः एका पत्रातून कळते. टाटांनी ते १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिले होते. ते पत्र फाइलमध्ये राहिले म्हणून गोष्ट राहिली. मी सरकारी कचेरीत काम करतो. कोणते दप्तर किती वर्षे ठेवायचे आणि मुदत संपल्यावर त्याचे काय करायचे, याचे नियम आम्हाला पाठ असतात. मुदत संपलेल्या गठ्ठ्यात काय काय जात असेल, हा विचार अशा वेळी मनात येतोच.

कागद राहिला तरी तो बरोबर असतोच असे नाही. ऑलिंपिकच्या इंग्रजी नोंदींत रणधीर शिंदे यांचे आडनाव ‘शिंदेस’ असे पडले आहे आणि शंभर वर्षांनंतरही बहुतेक ठिकाणी तसेच छापले जाते. ही चूक परदेशातल्या अभ्यासकाला दिसणे कठीण. आपल्या गल्लीतल्या शाळकरी पोराला ती पहिल्या वाचनात दिसेल.

बेसबॉलवाल्यांची हौस

खेळाचा इतिहास जपण्याचे काम हौशी माणसे किती नेटाने करू शकतात, हे पाहायचे तर अमेरिकेतील बेसबॉलकडे पाहावे. तिकडे बेसबॉलला आपल्या क्रिकेटसारखे स्थान आहे. १० ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या छोट्या गावात सोळा जण जमले आणि त्यांनी बेसबॉलच्या इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली. पुढाकार घेणारे बॉब डेव्हिड्स स्वतः सरकारी नोकर होते. बाकीचेही आकडेवारीचे नादी लोक. आज त्या संस्थेच्या गावोगाव शाखा आहेत.

या शाखांचे काम ऐकले तर आपल्याला ते परके वाटणार नाही. ठरावीक दिवशी एकत्र जमायचे. एकाने एखादा जुना सामना किंवा विसरलेला खेळाडू घेऊन त्यावर बोलायचे, बाकीच्यांनी शंका काढायच्या. म्हाताऱ्या खेळाडूला बोलावून त्याच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या. वाचनालयात बसून जुन्या वर्तमानपत्रांतले धावफलक उतरवायचे. मोठ्या लीगमध्ये एखादाच सामना खेळलेल्या माणसाचेही चरित्र लिहायचे, असा त्यांचा एक उपक्रम आहे. दुसऱ्या एका उपक्रमात जुन्या खेळाडूंच्या बेनाम थडग्यांचा शोध घेऊन त्यांवर नाव कोरलेला दगड बसवतात.

या हौसेने अधिकृत इतिहासही बदलला. कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत मोठ्या लीगमध्ये प्रवेश नव्हता. त्यांच्या वेगळ्या लीग होत्या आणि त्यांच्या सामन्यांची नोंद कोणी एका जागी ठेवली नव्हती. अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांची जुनी वर्तमानपत्रे चाळून एकेक धावफलक गोळा केला. डिसेंबर २०२० मध्ये त्या लीगना मोठ्या लीगचा दर्जा मिळाला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले. त्या दिवशी कारकिर्दीतील फलंदाजीच्या सरासरीत जोश गिब्सन यांचे नाव सर्वांच्या वर गेले. गिब्सन वारले जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. त्यांच्या थडग्यावर १९७५ पर्यंत दगडसुद्धा नव्हता.

धारवाडचा गोलंदाज

हे वाचताना मला पालवणकर बाळू आठवतात. बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा, म्हणजे आपल्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावरचा. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. त्यांच्यासारखा डावखुरा फिरकी गोलंदाज त्या काळी हिंदुस्थानात दुसरा नव्हता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण जात चांभाराची. मैदानावर त्यांचा चेंडू सगळ्यांना चाले, चहा मात्र त्यांना वेगळ्या भांड्यात आणि बाहेर मिळे. हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली.

बाळू पुढे जवळजवळ विस्मृतीत गेले होते. रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथामुळे ते पुन्हा देशभर माहीत झाले. गुहांना ज्या साधनांचा उपयोग झाला त्यांत एक मराठी पुस्तक आहे. विठ्ठल पालवणकर यांनी १९४८ साली लिहिलेले ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र. एका खेळाडूने आपल्या भाषेत जे अनुभवले ते लिहून ठेवले, त्याची प्रत कुठेतरी शिल्लक राहिली, आणि अर्ध्या शतकानंतर थोरल्या भावाला न्याय मिळाला. मुंबईत वसंत रायजी आणि आनंदजी डोसा यांनीही क्रिकेटच्या बाबतीत असेच काम जन्मभर केले. जुने धावफलक, कात्रणे, पत्रे जपली. दोघेही दीर्घायुषी ठरले, हे क्रिकेटचे भाग्य.

आपल्याकडे काय आहे

आता आपल्या भागाकडे येऊ. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताने पाकिस्तानला १-० ने हरवून हॉकीचे सुवर्णपदक परत मिळवले. त्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. गोलरक्षक होते शंकर लक्ष्मण. ते महूचे, पण मराठा लाइट इन्फंट्रीचे, आणि त्या पलटणीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. म्हणजे एकाच सुवर्णविजेत्या संघात आपल्या गावाशी नाते सांगणारे दोघे. आपल्या मुलांना विचारून पाहा, यातले एक तरी नाव त्यांना ठाऊक आहे का. दोष मुलांचा नाही. त्यांना सांगणारे पुस्तक नाही, भिंतीवर फोटो नाही, शाळेत धडा नाही.

कुस्तीचे तर विचारूच नका. शाहू महाराजांनी रोमचे क्रीडागार पाहून येऊन कोल्हापुरात खासबाग मैदान बांधले, ते १९१२ मध्ये पूर्ण झाले, हे आपल्याला माहीत असते. पण बेळगावचा आनंदवाडीचा आखाडा, निपाणी-चिक्कोडीकडची जत्रेतली मैदाने, गावोगावच्या तालमी यांचा इतिहास कुठे आहे? तो वस्तादांच्या तोंडी आहे. कोणी कोणाला कोणत्या डावावर चितपट केले, कोणती कुस्ती निकाली झाली आणि कोणती बरोबरीत सोडवली, हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. मैदानाची जाहिरातपत्रके मात्र छापलेली असत. त्यांत जोडी, इनामाची रक्कम, तारीख, देणगीदार सगळे असे. धावफलक म्हणतात तो आपल्याकडे हाच. यातली कितीतरी पत्रके कपाटाच्या फळीवर अंथरायला गेली.

आपली एक अडचण बेसबॉलवाल्यांना नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो. त्यामुळे आपल्या खेळाडूंचे जुने कागद मुंबई-पुण्याकडे, काही धारवाडला, काही कोल्हापूरला आणि नंतरचे बेंगळुरूला. काही मराठीत, काही कन्नडमध्ये, काही इंग्रजीत. महाराष्ट्रातले अभ्यासक आपल्याला कर्नाटकातले समजून सोडून देतात आणि कर्नाटकातल्यांना मराठी कागद वाचता येत नाहीत. अशा रीतीने माणूस दोन्ही राज्यांच्या यादीतून गळतो.

सीमेचा प्रश्न आपल्या जागी आहे. त्याबद्दल या घराघरांत काय भावना आहे ते मी सांगायला नको. पण फडेप्पा दारेप्पा चौगुले हे नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहा. पहिले दोन शब्द कन्नड वळणाचे, आणि आडनाव पाटलाच्या हाताखालच्या चौगुल्याचे, जे सीमेच्या दोन्ही अंगांना सापडते. हा माणूस शोधायचा तर दोन्ही भाषा वाचणारी माणसे लागतील. आणि ती आपल्याइतकी आणखी कोणाकडे आहेत? आपण घरात मराठी बोलतो, बाजारात आणि कचेरीत कन्नड वापरतो. आजवर ज्याला आपण केवळ ओझे म्हटले ते या कामात भांडवल ठरेल.

मंडळाला करता येण्यासारखे

यासाठी इमारत नको, अनुदान नको. चार-पाच माणसे आणि महिन्यातला एक रविवार पुरे. बाबूराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ सुरू केले ते १९१९ साली, अँटवर्पच्या आदल्या वर्षी. या वृत्तपत्राचे आणि इतर स्थानिक पत्रांचे जुने अंक जिथे असतील तिथे परवानगी काढून बसावे आणि खेळांच्या बातम्या तारखेसह वहीत उतराव्यात. शाळा, तालमी, जिमखाने यांच्या कपाटांतील ढाली आणि चषकांवर नावे व साल कोरलेले असते. ते घासून पुसून त्यांचे फोटो काढावेत. वस्ताद आणि जुने खेळाडू यांच्याशी मोबाइल पुढ्यात ठेवून तासभर बोलावे. मात्र आपण कमी बोलावे. सांगितलेली गोष्ट आणि छापील नोंद जुळली नाही तर दोन्ही लिहून ठेवाव्यात, आपल्या सोयीची एक निवडू नये. गावचा अभिमान इतिहासात पाणी मिसळायला फार लवकर येतो.

मुलींच्या खेळांची वेगळी वही असावी. खो-खो आणि कबड्डी खेळलेल्या कितीतरी स्त्रिया आज याच मंडळाच्या महिला विभागात आहेत. लग्नानंतर आडनाव बदलले आणि नोंद तुटली. त्यांना माहेरच्या नावाने शोधावे लागेल, आणि त्या आपल्यासमोरच बसलेल्या आहेत तोवर हे सोपे आहे.

दरवर्षी या स्मरणिकेची दोन पाने अशा एका खेळाडूसाठी ठेवावीत, अशी कार्यकारिणीला विनंती आहे. गणेशोत्सवात आपण वर्गणीचा हिशेब पैशापर्यंत छापतो. आपल्या माणसांचा हिशेबही तितकाच चोख असायला हवा.

सुरुवात घरापासून करता येईल. या दहा दिवसांत पाहुणे येतील, जुने अल्बम खाली निघतील. त्यात मैदानावरचा, ढाल हातात घेतलेला, लंगोट लावून उभा असलेला कोणाचा फोटो सापडला तर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने, शाईने नव्हे, नाव, गाव आणि साल लिहून ठेवा.