नाट्यगृहातील शांतता आणि स्वमग्न मूल

तिसरी घंटा झाली, दिवे मंदावत विझले आणि मखमली पडदा सरकू लागला की त्यानंतर अंक संपेपर्यंत प्रेक्षकाने आपल्या आसनावर निश्चल बसावे, बोलू नये, मध्येच उठू नये, मुलास रडू देऊ नये, हा दस्तूर आता इतका अंगवळणी पडला आहे की तो अनादि काळापासून चालत आला असावा असेच कोणासही वाटावे. वस्तुतः आपल्या रंगभूमीच्या वयाच्या मानाने तो पुष्कळच अर्वाचीन आहे. आणि ज्यांना तो पाळणे मेंदूच्या जन्मजात घडणीमुळेच दुष्कर होते, अशा स्वमग्न मुलांच्या कितीतरी आईबापांनी नाट्यगृहाची पायरी चढणे सोडून दिले, याचे एक मोठे कारण हा दस्तूरच होय. म्हणून मुंबईच्या उपनगरांतील नाट्यव्यवहाराकडे या एका बाजूने पाहण्याचे मी योजिले आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाची सिद्धी कशी ओळखावी याचे सविस्तर विवेचन आहे. तेथे सिद्धीचे मानुषी व दैवी असे दोन प्रकार सांगितले असून, मानुषी सिद्धीच्या लक्षणांत प्रेक्षकांचे स्मित, मोठ्याने हसणे, आनंदाचे व हळहळीचे उद्गार, अंगावर उभे राहणारे रोमांच, जागेवरून उठणे आणि वस्त्रे फेकणे या साऱ्यांची गणना केली आहे. दैवी सिद्धीचे लक्षण मात्र गच्च भरलेल्या पण निःशब्द, निःक्षोभ प्रेक्षागाराचे आहे. या विवेचनात मला महत्त्वाचे वाटते ते असे, की शांतता हे तेथे उत्तम प्रयोगाचे फळ मानलेले आहे. दाराशी घालावयाची अट म्हणून ती कोठेही आलेली नाही.

1843 साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले आणि 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासूनची पन्नासएक वर्षे तरी मराठी प्रेक्षक मुका नव्हता. पद आवडले की ‘वन्समोअर’ची आरोळी उठे, नट तेच पद पुन्हा आळवी, खेळ उत्तररात्रीपर्यंत लांबे आणि लेकरे आईच्या मांडीवर झोपत व जागी होत. त्याच सुमारास आजचे अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर हा साष्टीच्या भाताच्या खाचरांचा, आगरांचा आणि कोळीवाड्यांचा मुलूख होता. पुढे गिरण्यांच्या व कचेऱ्यांच्या ओढीने कोकणातून जी कुटुंबे येथे येऊन वसली त्यांनी आपल्याबरोबर दशावतार, नमन-खेळे आणि जाखडीचा नाच आणला. आणि गणेशोत्सवाच्या वा जत्रेच्या निमित्ताने मोकळ्या मैदानांत हे खेळ होऊ लागले.

दशावताराचा प्रयोग ज्यांनी मैदानात बसून पाहिला आहे त्यांना मी म्हणतो ते सहज पटेल. रात्र चढल्यावर मृदंग, झांज आणि पायपेटीचा नाद सुरू होतो. प्रथम गणपती येतो, मग काळ्या वेषातला संकासुर येतो आणि पुढच्या रांगेतील पोरे किंचाळत मागे पळतात. कोणी चटईवर आडवे झालेले असते, कोणी चहास उठते, कोणी मूल कडेवर घेऊन दूरच्या झाडाखाली उभे असते. ज्याला नाद असह्य झाला तो पंचवीस पावले दूर जातो. तेथून त्याला राजाचा मुकुट दिसतो, पायपेटीचा सूर ऐकू येतो. जरा वेळाने त्याचा तोच दहा पावले पुढे सरकतो. मूल आणि खेळ यांच्यातील अंतर मुलाने स्वतः ठरवावयाचे, ही मुभा त्या रचनेतच होती आणि ती कोणाकडे मागावी लागत नसे. स्वमग्न मुलाला नेमकी हीच मुभा हवी असते. अर्थात जुने तेवढे सुखकर होते असे माझे म्हणणे नाही. ताशाचा कडकडाट आणि ध्वनिक्षेपकाच्या भिंती अशा मुलाला किती यातना देतात हे विसर्जनाच्या दिवशी कोणत्याही उपनगरी रस्त्यावर दिसते.

शांततेचा दस्तूर आला तो दोन वाटांनी. 1876 साली संगीतकार वाग्नरने जर्मनीत बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात प्रेक्षागारातील दिवे मालवले आणि प्रकाश केवळ रंगमंचावर ठेवला. हळूहळू ही रीत सर्वत्र मान्य झाली. आपल्याकडे 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर करून वास्तववादी, आटोपशीर नाटकाचा पायंडा पाडला. पदांची संख्या घटली, वन्समोअरला जागा उरली नाही आणि हलक्या आवाजातील संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी श्रोत्यांचे मौन आवश्यक झाले. या सुधारणेने मराठी नाटकाचे कल्याण झाले यात मला तिळमात्र संशय नाही. पण जे मौन एका विशिष्ट तऱ्हेच्या नाटकाची गरज म्हणून आले, ते पुढे सर्वच प्रयोगांना सरसकट लागू झाले.

उपनगरांची बांधणी झाली ती याच काळात. पार्ल्यात 1923 साली लोकमान्य सेवा संघ स्थापन होऊन व्याख्याने, गायन आणि नाटके यांना हक्काचे घर मिळाले. 1950 साली अंधेरी-घाटकोपर आणि 1957 साली बोरिवली-मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले, आणि कालांतराने पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह व मुलुंडचे महाकवी कालिदास नाट्यमंदिर महापालिकेने उभारले. 1978 साली जुहूला पृथ्वी थिएटर सुरू झाले. तीन बाजूंनी प्रेक्षक, मध्ये रंगमंच आणि वेळेच्या बाबतीत कडवी शिस्त. या नाट्यगृहांमुळे नाटकासाठी दादर-गिरगावास जाण्याची यातायात वाचली. मात्र मैदानाची कड, जेथे उभे राहून अर्धा खेळ पाहता येई, ती नाहीशी झाली. ओळीच्या मध्यभागी बसलेल्या कुटुंबाला उठावयाचे तर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागतात.

मुलांसाठी वेगळी रंगभूमी असावी हा विचार आपल्याकडे लवकर रुजला, ही अभिमानाची गोष्ट आहे. सुधा करमरकरांनी 1959 साली ‘लिटल थिएटर’च्या द्वारे रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ सादर केले आणि मतकरींनी पुढे ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ यांसारखी बालनाट्ये लिहून दोन पिढ्यांचे बालपण समृद्ध केले. बालनाट्याच्या प्रयोगास मुले ओरडतात, चेटकिणीला उत्तरे देतात आणि कोणी त्यांना गप्प बसवीत नाही. तरीही तेथे स्वमग्न मुलाची अडचण संपत नाही, कारण एकाएकी होणारा काळोख, चेटकिणीच्या प्रवेशास होणारा गडगडाट आणि पाचशे मुलांची एकदम उठणारी किंकाळी यांची पूर्वसूचना त्याला कोणी दिलेली नसते.

1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अकरा मुलांचे निरीक्षण करून स्वमग्नतेचे पहिले नावाजलेले वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला मुलगा वर्षाचा असतानाच कितीतरी चाली अचूक गुणगुणत असे, अशी नोंद त्यांनी केली आहे. तेव्हा या मुलांना संगीत-नाटकाची ओढ नसते हा समज निराधार आहे. मूल दोन्ही हात कानांवर दाबून धरते, पुढेमागे डुलते, ऐकलेले वाक्य पाच वेळा पुन्हा म्हणते, आनंद झाला की पंजे पाखरासारखे फडफडवते. हे त्याचे ऐकणेच असते, हीच त्याची दाद असते. भरताने ती मानुषी सिद्धीत खचित गणली असती. मागच्या रांगेतून ‘शूऽऽ’ येते, कोणी वळून पाहते, आई कुजबुजत क्षमा मागते आणि मध्यंतराची वाट न पाहता मुलाला कडेवर घेऊन निघून जाते. त्या मुलाने तेवढ्या वेळात नाटकाचे जे घेतले ते त्याच्या घरी पुढे महिनाभर घुमत असते, हे त्या मागच्या रांगेला कधीच कळत नाही.

जयवंत दळवींनी ‘नातीगोती’त मतिमंद मुलाच्या आईबापांचे दुःख रंगमंचावर मांडले आणि मराठी प्रेक्षक ते पाहून गहिवरला. रंगमंचावरील अशा मुलासाठी ज्या प्रेक्षागारात अश्रू ढाळले जातात, तेथे प्रत्यक्ष तसे मूल शेजारच्या खुर्चीवर बसू शकावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

न्यूयॉर्क येथे टीडीएफ या संस्थेने ऑक्टोबर 2011 मध्ये ‘द लायन किंग’चा एक प्रयोग स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसाठी राखून ठेवला. आवाज कमी केला, डोळ्यांवर येणारे प्रकाशझोत सौम्य केले, बाहेर शांत जागा राखली. नाटकाची संहिता होती तीच राहिली. यांतील कोणतीही गोष्ट बोरिवलीस वा मुलुंडास अशक्य नाही. प्रेक्षागारातील दिवे अर्धे तेवत ठेवावेत. दारे उघडी असावीत. कडेच्या खुर्च्या या कुटुंबांना द्याव्यात. बाहेरच्या दालनाच्या एका कोपऱ्यात सतरंजी अंथरावी. मोठा आवाज केव्हा होणार, काळोख केव्हा पडणार, हे छायाचित्रांसह आठवडाभर आधी पालकांना कळवावे, म्हणजे मुलाला घरी ते दाखवून ठेवता येईल. आणि पडद्यापुढे येऊन निवेदकाने स्पष्ट सांगावे की आज उठण्यास, बोलण्यास, नाचण्यास पूर्ण मुभा आहे.

2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि त्याच्या कलम 29 नुसार सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा अशी तजवीज करण्याचे कर्तव्य शासनावर व स्थानिक संस्थांवर आहे. उपनगरांतील बरीचशी मोठी नाट्यगृहे महापालिकेच्याच मालकीची असल्यामुळे याकरिता कोणापुढे हात पसरण्याचे कारण नाही. महिन्यातून एका रविवारची सकाळ, एक बालनाट्य आणि एक लेखी हुकूम एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. महापालिकेने तो हुकूम काढावा, नाट्यसंस्थांनी तारखा द्याव्यात, आणि वाचकांपैकी ज्यांच्या शेजारी असे एखादे कुटुंब राहत असेल त्यांनी पहिल्या प्रयोगाची तिकिटे त्यांच्याबरोबर स्वतःसाठीही काढावीत.