बाळंतपणानंतरचं नैराश्य: हार्मोन्सचा संबंध काय?

गरोदरपणात वाढलेले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन्स बाळंतपणानंतर काही दिवसांतच झपाट्याने घटतात. या काळात अनेक बाळंतिणींना रडू येतं, चिडचिड होते. हे साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. उदासी त्यापुढेही टिकली, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागेना, तर ते नैराश्य असू शकतं.

हार्मोन्स सगळ्यांचेच घटतात, नैराश्य मात्र काहींनाच येतं. त्यांचा मेंदू या बदलाला जास्त संवेदनशील असतो, असं मानलं जातं. आधी आलेलं नैराश्य किंवा घरून आधार नसणं यामुळेही धोका वाढतो. थायरॉइडच्या बिघाडातही अशीच लक्षणं दिसतात, म्हणून डॉक्टर रक्ततपासणी सुचवतात.

हा आजार समुपदेशन आणि औषधांनी बरा होतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर लगेच डॉक्टरांकडे जावं. ‘टेली-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.