कादंबरींतील दंपती आणि त्यांचा अबोला

पतिपत्नींमध्यें गैरसमज उत्पन्न झाला, त्यायोगें संसारांत कडवटपणा आला आणि अखेरीस एखाद्या पत्रानें किंवा तिऱ्हाइताच्या कबुलीनें सर्व उलगडा झाला, अशा धर्तीची कादंबरी ज्यानें वाचली नाहीं असा मराठी वाचक विरळा. दुपारची झाकपाक आटोपल्यावर वाचावयाची गोष्ट म्हणून तिच्याकडे पाहण्याची आमची रीत आहे. परंतु हें कथानक आमच्या वाङ्मयांत केव्हां व कसें शक्य झालें, याचा विचार केला म्हणजे त्या हलक्याफुलक्या गोष्टीमागें आमच्या घरांचा बराच इतिहास दडलेला आहे असें दिसून येतें.

गैरसमज व्हावयास आधीं समजण्याची अपेक्षा असावी लागते. जुन्या एकत्र कुटुंबांत ती अपेक्षाच थोडी. वडील माणसांदेखत नवऱ्यानें बायकोशीं बोलूं नये, तिनें त्याचें नांव घेऊं नये, असा दंडक होता. दिवसभरांत परस्परांविषयीं जें कळावयाचें तें सासू, नणंद किंवा आत्याबाई यांच्या तोंडून. ज्यांचें बोलणेंच दुसऱ्यांच्या मुखानें चालतें, त्यांचा बिघाडही दुसऱ्यांच्याच मुखानें होणार, हें उघड आहे.

आमच्या प्रारंभींच्या कादंबऱ्यांत याचें प्रतिबिंब पडलेलें आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील संकटें दुष्टांच्या कारस्थानांनीं येतात. नायकनायिकांच्या स्वभावांत त्यांचें बीज नाहीं. दुर्जनाचें पारिपत्य झालें कीं संसार पूर्ववत्! याहून निराळी वाट बाबा पदमनजी यांनीं चार वर्षें आधींच, १८५७ सालीं, ‘यमुनापर्यटनां’त दाखविली होती. त्या ग्रंथाचा हेतु ख्रिस्ती धर्मप्रसाराचा होता हें खरें; तथापि त्यांतील पतिपत्नी एकत्र प्रवास करितात आणि वाटेंत दिसणाऱ्या विधवांच्या स्थितीविषयीं एकमेकांशीं मोकळेपणानें बोलतात. असें बोलणारें जोडपें त्या काळीं प्रत्यक्षांत किती घरीं आढळलें असतें?

प्रत्यक्षांतील एका जोडप्याची हकीकत सुदैवानें आम्हांस उपलब्ध आहे. १८७३ सालीं माधवराव रानडे यांचें रमाबाईंशीं लग्न झालें, तेव्हां ते एकतीस वर्षांचे व त्या अकरा वर्षांच्या होत्या. माधवरावांनीं पत्नीस शिकविण्यास आरंभ केला, आणि त्याबरोबर घरांतील वडील बायकांची नाराजी तिच्या वाट्यास आली. १९१० सालीं रमाबाईंनीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हें सर्व आलें आहे. पतीची इच्छा एक, घरची शिस्त दुसरी, आणि दोहोंच्या मध्यें ही मुलगी. येथें खलपुरुष कोणीच नाहीं; तरी जीव घुसमटावयाचा तो घुसमटतोच.

अशा मुलींस काय वाटतें, हें जाहीरपणें ऐकण्याचा प्रसंग लौकरच आला. १८८४ सालीं दादाजी भिकाजी यांनीं आपली पत्नी रखमाबाई हिनें नांदावयास यावें म्हणून मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. बालपणीं आपल्या संमतीवांचून झालेलें लग्न आपण मानीत नाहीं, हें रखमाबाईंचें म्हणणें होतें. १८८७ सालीं नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कैद भोगा, असा निकाल झाला. कैद पतकरण्याची त्यांनीं तयारी दाखविली. पुढें १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटलें. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही येथें शिरत नाहीं. मात्र पत्नीस स्वतःचें म्हणणें असूं शकतें, ही गोष्ट त्यानंतर कोणासही नाकारतां येईना.

या पार्श्वभूमीवर हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र काढून त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ छापण्यास प्रारंभ केला. गोष्ट सांगणारी यमुना स्वतः आपल्या तोंडानें आपली हकीकत सांगते. पुण्याच्या घरांतील धाक मागें टाकून ती मुंबईस रघुनाथरावांबरोबर राहूं लागते, तेवढाच काय तो तिच्या आयुष्यांतील सुखाचा काळ. या सुखाचें कारण पैसा नव्हे, मानमरातबही नव्हे. दोघें एकमेकांशीं बोलूं शकतात, हें होय. रघुनाथराव जातात आणि यमुनेचें बोलणें ऐकणारें माणूसच घरांत उरत नाहीं. पुढें तिच्या केशवपनाचा जो भयंकर प्रसंग येतो, तो वाचतांना कादंबरीच्या नांवाचा अर्थ मनांत खोल रुततो.

मग बोलण्याची मोकळीक मिळाली कीं गैरसमज संपतो काय? याचें उत्तर शोधण्यासाठीं कादंबरीची हद्द ओलांडून क्षणभर रंगभूमीवर जाऊं. गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९३ सालीं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें नाटक लिहिलें. त्यासच पुढें १९१६ सालीं ‘संगीत संशयकल्लोळ’ हें रूप आलें. त्याचें मूळ मर्फी या आयरिश नाटककाराच्या १७६१ च्या नाटकांत, आणि त्याच्याही मागें मोलियरच्या १६६० च्या प्रहसनांत आहे. एक तसबीर भलत्या हातीं पडते आणि फाल्गुनराव व कृत्तिका परस्परांविषयीं साशंक होतात. हीं दोघें मुळींच मुकीं नाहींत. उलट तोंडास तोंड देण्यांत कोणी हार जात नाहीं. परंतु दोघेंही आरोप करितात, विचारीत कोणीच नाहीं. प्रेक्षक पोट धरधरून हंसतो, आणि घरीं जातांना आपल्याही संसारांत अशी एखादी तसबीर आहे कीं काय, याची त्याला मनांतल्या मनांत आठवण होते.

पुढें १९३४ सालीं वामन मल्हार जोशी यांनीं ‘इंदु काळे व सरला भोळे’ ही कादंबरी पत्ररूपानें लिहिली. पत्रांत प्रत्येक पात्र आपली बाजू आपल्या शब्दांत मांडतें. सर्वांचीं पत्रें वाचण्याचा अधिकार मात्र एकट्या वाचकासच असतो. ‘मुक्तामालें’त संसार मोडावयास दुर्जन लागत होता, येथवर येतांना मनुष्याची अपुरी दृष्टि तेवढी पुरेशी ठरली.

म्हणून अशी कादंबरी वाचतांना, ‘नायकानें एक शब्द विचारला असता तर ग्रंथ दहाव्या पानावरच संपला असता,’ असें म्हणून आम्ही हंसतों, तेव्हां थोडें थांबावें. तो एक शब्द विचारण्याची मुभा आमच्या आजीस नव्हती. ती आम्हांस मिळावी म्हणून कित्येकींनीं घरचा रोष सोसला आणि एकीनें तुरुंगाचीही तयारी केली. इतक्या मोलानें मिळालेला शब्द आपण रोजच्या संसारांत किती वेळां उच्चारतों, हें ज्याचें त्यानें आपल्या मनास विचारावें.